वाचता येत नाही म्हणून नक्षी

आमच्या समता कॉलोनीतल्या घरात एक सागवानी टेबल आहे. चार फूट लांब, अडीच फूट रुंद, दोन खणांचं. आजोबा नोकरीसाठी नागपूरहून रायपूरला आले तेव्हा त्यांनी ते इथल्याच सुताराकडून करून घेतलं. घर पुढे बांधलं गेलं. टेबल त्याआधीच्या भाड्याच्या दोन घरांतून इथवर आलं. गेल्या उन्हाळ्यात माझ्या भाचीने ते रंगवायला काढलं आणि घरात दोन महिने भांडण चाललं. त्या भांडणातली माझी बाजू मी इथे मांडते आहे. टेबलाच्या भांडणाला वाङ्मयीन नियतकालिकात जागा कशाला, असं कोणी विचारेल. माझा धंदा भाषांतराचा आहे, आणि हे भांडण मला पहिल्या दिवसापासून माझ्या धंद्यातलंच वाटत होतं.

आधी टेबल पाहा. वरच्या फळीवर डावीकडे शाईचा हातभर डाग. मधोमध गरम पेल्यांची पांढरट वर्तुळं, एकमेकांत अडकलेली. माझ्या वडिलांनी कर्कटकाने कोरलेली त्यांची आद्याक्षरं. आणि मागच्या कडेला, एकाच जागी, खालून-वरून दाबलेल्या खुणा. लाकूड तिथे बोटभर चेपलं आहे. तिथे शेवयांचं यंत्र बसवायचे. स्क्रू आवळून यंत्र पक्कं करायचं, एकीने पीठ घालायचं, दुसरीने दांडा फिरवायचा. तीसेक उन्हाळे ते तिथेच आवळलं गेलं. घरातल्या पुरुषांनी फळीवर शाई सांडली, बायकांनी कड चेपली. एवढा सगळा मजकूर त्या टेबलावर होता.

भाचीची योजना अशी होती. टेबल घासायचं, चुन्यासारखा मॅट पांढरा रंग द्यायचा, त्यावर डेकूपाजचा पातळ कागद चिकटवायचा. कागदावर गुलाब, एक पक्षी, आणि मागे फिकट तपकिरी शाईतलं फ्रेंच हस्ताक्षर. मग कोपरे आणि कडा काचकागदाने पुन्हा घासायच्या, म्हणजे रंग मुद्दाम उडालेला दिसेल आणि टेबल जुनं वाटेल.

ते शेवटचं वाक्य ऐकून मी उठले. टेबल जुनंच आहे. जुनं टेबल नवं करून परत जुनं करायचं, तेही आपलं जुनं पुसून कुठल्यातरी परक्या घरातलं जुनं आणून? शेवयांच्या यंत्राने चेपलेली कड लांबी भरून सपाट करायची आणि दोन बोटं पलीकडे काचकागदाने खोटी झीज तयार करायची? भाची म्हणाली, "आत्या, तू प्रत्येक गोष्टीचा इतिहास काढतेस. मला फक्त छान टेबल पाहिजे न."

तिचं म्हणणं मी उडवून लावत नाही. त्या टेबलाचा एक पाय हलत होता, एका खणाचा तळ निघाला होता, आणि दादाने ते भंगारवाल्याला द्यायचं दोनदा ठरवलं होतं. इतिहास काढणाऱ्या मी त्याच्यासाठी इतक्या वर्षांत काय केलं होतं? त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवले होते. जो रंगवायला निघतो तो निदान वस्तू वाचवायला निघालेला असतो, एवढं श्रेय तिला आहे.

आणि लाकडावर रंग चढवणं, कागद चिकटवणं यात मुळात पाप नाही. सावंतवाडीचे चितारी पिढ्यान्‌पिढ्या पाट, चौरंग, टेबलं रंगवत आले. गंजिफ्याच्या पत्त्यांवरचे दशावतार त्यांनी लाकडी सामानावर उतरवले, आणि रंगाखालचं लाकूड दिसत नाही म्हणून कोणी रडलं नाही. राजा रविवर्म्यांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला; तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतींच्या छापील चित्रांवर घरोघरच्या बायकांनी टिकल्या, जर आणि कापड चिकटवलं. लक्ष्मीला खरी जरीची साडी नेसवली. छापील चित्रावर आपल्या हाताने चढवलेला तो थर होता. रंग आणि गोंद यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती खालचं न वाचता वर काही चढवण्याबद्दल, आणि चढवलेलं मूळचंच आहे असं भासवण्याबद्दल.

डेकूपाजची स्वतःची गोष्टही याच भासवण्यातून सुरू होते. अठराव्या शतकात युरोपातल्या श्रीमंतांना चीन-जपानच्या लाखकामाचं वेड लागलं होतं. तसली कपाटं परवडत नसत. मग व्हेनिसच्या कारागिरांनी छापील चित्रं कातरली, रंगवली, लाकडावर चिकटवली आणि वर वार्निशचे थरावर थर दिले, इतके की कागदाची कड हाताला लागू नये. त्या कामाचं नाव पडलं 'लाका पोवेरा', म्हणजे गरिबाची लाख. यातला 'लाका' हा शब्द आपला आहे. संस्कृत लाक्षा, मग लाख, फारसीतून आणि लॅटिनमधून फिरत इटालियनमध्ये लाका, इंग्रजीत लॅकर. गंमत अशी की चीन-जपानचं लाखकाम आपल्या लाखेचं नव्हतंच. ते एका झाडाच्या चिकापासून होतं. आपली लाख किड्याची. म्हणजे शब्द आमचा, माल चीन-जपानचा, नक्कल व्हेनिसची, आणि ती नक्कल आता तयार कागदाच्या रूपाने रायपुरात, एका अशा टेबलावर चढणार होती ज्यावर खरी लाख आधीच होती.

कारण आजोबांच्या टेबलाला सुताराने दिलं होतं ते चपड्याचं पॉलिश. ज्याला आपण फ्रेंच पॉलिश म्हणतो, ते म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, कापसाच्या पुरचुंडीने पुन्हा पुन्हा फिरवलेली. नाव फ्रेंच, पण लाख आपल्याच जंगलातली. कुसुम, पळस आणि बोर या झाडांवर तिचा किडा वाढतो. झारखंड आणि छत्तीसगड ही देशातली लाखेची मोठी राज्यं. महाभारतातलं लाक्षागृह याच मालाचं. प्लास्टिकच्या आधीच्या ग्रामोफोनच्या तबकड्या याच मालाच्या. बालगंधर्वांचा आवाज आपल्यापर्यंत लाखेतून आला. त्या खऱ्या लाखेवर भाची गरिबाची लाख चढवत होती, आणि तिला वाटत होतं की ती टेबलाला युरोपियन करते आहे.

तिने नमुना म्हणून एका खणाचं तोंड रंगवलं. दोन हात पांढरा. चौथ्या दिवशी पांढऱ्यातून लालसर तपकिरी डाग वर आले आणि किल्लीच्या भोकाभोवती निळसर छटा दिसू लागली. सागाचं तेल आणि आजोबांची शाई. तिने तिसरा हात दिला. डाग पुन्हा वर. रंगाच्या दुकानदाराने उपाय सांगितला: आधी चपडा मारा, मग रंग. डाग अडवते ती लाखच. त्या दिवशी मी काही बोलले नाही. टेबलानेच माझी बाजू मांडली होती.

आता दुसरी बाजू, दादाची. त्याचं म्हणणं, रंगबिंग नको, मशीनने घासून घ्या, काचेसारखं चकचकीत पीयू पॉलिश मारा, "ओरिजिनल" करून टाका. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे फार पटलं. मला हे भाचीच्या योजनेपेक्षा वाईट वाटतं. मशीन दोन मिलिमीटर लाकूड खाते. त्या दोन मिलिमीटरमध्ये शाई, पेल्यांची वर्तुळं आणि वडिलांची आद्याक्षरं जातात. उरतं ते असं मूळ, जे कधी कोणाच्या वापरात नव्हतं. भाची मजकूर झाकत होती, दादा तो खरवडून टाकायला निघाला होता, आणि वर त्याला शुद्धता म्हणत होता.

भाषांतरात हे दोन्ही आजार रोज दिसतात. एक भाषांतरकार मूळ कृतीच्या खाचाखोचा लांबी भरून सपाट करतो, वाचक अडखळू नये म्हणून. मग ती फारच गुळगुळीत झाली असं वाटून तिच्यात दोन मूळ शब्द तिरप्या अक्षरांत पेरतो, म्हणजे 'स्थानिक रंग' दिसेल. ही काचकागदाने आणलेली झीज. दुसरा शुद्धतावादी, बोलीतली सरमिसळ, हिंदीची छटा, लेखकाच्या चुका सगळं घासून तो एक प्रमाण, चकचकीत मजकूर देतो. श्लायरमाखरने 1813 मध्ये बर्लिनला दिलेल्या व्याख्यानात भाषांतरकारापुढे दोन वाटा ठेवल्या: लेखकाला वाचकाकडे आणायचं किंवा वाचकाला लेखकाकडे न्यायचं. आम्ही तौलनिक साहित्याच्या वर्गात यावर पानंच्या पानं लिहिली. पण तिथे एक तिसरी वाट कोणी सांगितली नाही आणि बाजारात तीच चालते: दोघांनाही जागेवर ठेवायचं आणि मधे कागद चिकटवायचा.

या तिसऱ्या वाटेवर आम्ही घरातच आलो. फ्रेंच हस्ताक्षराचा कागद मी हाणून पाडला. "यात काय लिहिलंय ते तरी वाच," मी म्हटलं. भाची हुशार, दोन दिवसांनी ती उजव्या खणातलं आजोबांचं बाड घेऊन आली. मोडीतले कागद. एक पान तिला फारच आवडलं होतं: अक्षरं अखंड वाहणारी, ओळींवर शिरोरेघा ताणलेल्या, खाली सही. "आत्या, हे स्कॅन करते, पातळ कागदावर छापते आणि लावते. आपलंच आहे. आता तर तुला चालेल?"

घरातल्या सगळ्यांना चाललं. वहिनीला भरून आलं. मलाही, कबूल करते, एक संध्याकाळभर चाललं. फ्रेंच कागदापेक्षा हे कितीतरी बरं, आपल्या मातीतलं, असं मी स्वतःला सांगितलं. रात्री लक्षात आलं की मी भाचीला विचारलेला प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. यात काय लिहिलंय? मराठीतून हिंदीत आणि इंग्रजीत पुस्तकं नेणाऱ्या मला माझ्या आजोबांच्या खणातलं एक पान वाचता येत नव्हतं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लोक या लिपीत हिशेब आणि पत्रं लिहीत होते. दोन पिढ्यांत ती आमच्या घरात नक्षी झाली होती. आम्हाला फ्रेंच जितकं येत होतं तितकीच मोडी येत होती.

ते पान मी नागपूरला एका निवृत्त शिक्षकांकडून वाचून घेतलं. आजोबांच्या थोरल्या भावाचं पत्र होतं. आजोबांच्या विधवा बहिणीने नागपूरच्या घरात एक खोली मागितली होती, मालकीची नव्हे, हयातीपुरती. त्यावर भावाचं उत्तर: खोली देता येत नाही, दिली तर उद्या हक्क सांगेल, तिला तुझ्याकडेच रायपूरला ठेव, घरात कामाला हात होईल. हिंदू वारसा कायदा 1956 चा, तो अजून यायचा होता. मागायला तिच्याकडे कायदा नव्हता, फक्त शब्द होता, आणि तिचं मागणीपत्र बाडात नाही. नकाराचं पत्र तेवढं जपलं गेलं, सुंदर अक्षरात.

ती रायपूरला आली. आम्ही तिला आत्याआजी म्हणायचो. माझ्या लहानपणी ती फार म्हातारी होती आणि उन्हाळ्यात शेवयांच्या यंत्राचा दांडा फिरवायची. टेबलाची ती चेपलेली कड मुख्यतः तिच्या हातची आहे. घरात कामाला हात झाला तो असा.

आम्ही ते पत्र टेबलावर चिकटवणार होतो. पाहुण्यांनी त्यावर चहाचे कप ठेवले असते आणि विचारलं असतं, किती सुंदर, ही कुठली लिपी? आम्ही अभिमानाने सांगितलं असतं.

म्हणून माझं म्हणणं टेबलापुरतं राहत नाही. मराठी मुलखाबाहेरच्या मराठी घरांत आज मराठी दिसते भरपूर. दारावरच्या पाटीवर, कुर्त्याच्या छातीवर, साडीच्या पदरावर, मगवर ओवीची अर्धी ओळ. अक्षरं देखणी असतात आणि कोणी वाचत नाही; वाचायची अपेक्षाही नसते. मुलं घरात हिंदी बोलतात, आणि भिंतीवर ग म भ न लटकतं. हिंदी बोलण्यात काही वाईट नाही. याच रायपूरच्या परिसरात मराठी घरच्या माधवराव सप्रे यांनी हिंदीचं काम उभं केलं. 1900 मध्ये पेंड्राहून 'छत्तीसगढ मित्र' काढलं, टिळकांचं गीतारहस्य हिंदीत नेलं. शेजारच्या राजनांदगावला शिकवणारे गजानन माधव मुक्तिबोध घरात मराठी आणि कवितेत हिंदी होते. त्यांचे भाऊ शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले. या माणसांनी भाषा बदलली किंवा भाषांतर केलं ते वाचून, कष्टाने केलं. मराठी सोडून हिंदीत लिहिणारा मराठीचा अपमान करत नाही. मराठी न वाचता तिचा वॉलपेपर करणारा करतो, आणि तो स्वतःला मराठीप्रेमी म्हणवतो.

बहुभाषिक साहित्याच्या आपल्या जगालाही हा आजार आहे. मी भाषांतर केलेल्या कविता एकदा एका द्विभाषिक संग्रहात आल्या. समोरच्या पानावर मूळ मराठी छापली होती. छापताना जोडाक्षरं फुटली, पायमोडक्या अक्षरांच्या रांगा झाल्या, एका कवितेत दोन ओळीच गळाल्या. संपादकांच्या लक्षात आलं नाही. एका समीक्षकाने मात्र मूळ लिपीच्या 'दृश्य सौंदर्या'चं कौतुक केलं. ते पान वाचण्यासाठी नव्हतंच. भाषांतराला अस्सलपणाची पार्श्वभूमी म्हणून ते चिकटवलं होतं, गुलाबामागच्या फ्रेंच हस्ताक्षरासारखं.

मग करायचं काय? जुन्या वस्तूला हात लावूच नये? ते दादाच्या शुद्धतेचंच दुसरं रूप झालं असतं. चित्रांच्या दुरुस्तीत रोमच्या छेझारे ब्रांदी यांच्या काळापासून एक रीत आहे: चित्राचा जो तुकडा नष्ट झाला तिथे बारीक उभ्या रेघांनी रंग भरायचा. दुरून चित्र पूर्ण दिसतं. जवळ गेलं की कळतं, हे नंतरचं आहे. शिवाय भर अशा मालाची घालायची की पुढच्याला ती काढता यावी. मला यात भाषांतराची अख्खी नीती दिसते. वाचा; लागेल तिथे भर घाला; आपली भर आपलीच दिसू द्या; आणि पुढच्याला ती खोडता येईल अशी ठेवा.

लाख इथे पुन्हा कामाला येते. तिचं पॉलिश स्पिरिटने निघतं. तिच्यावर चढवलेला रंगही पुढे कोणाला नकोसा झाला तर खालची लाख विरघळवून बराचसा काढता येतो. पीयू एकदा बसलं की खरवडल्याशिवाय निघत नाही. कागद गव्हाच्या खळीने लावला तर ओलसर फडक्याने सुटतो.

शेवटी टेबल असं झालं. सुताराने हलणारा पाय बसवला आणि खणाला नवा तळ घातला. नवं लाकूड फिकट आहे, ते तसंच ठेवलं. वरची फळी साबणाच्या पाण्याने हलकी पुसली, स्पिरिट आणि चपड्याचे पाच हात दिले. शाई, वर्तुळं, आद्याक्षरं, चेपलेली कड जागच्या जागी आहेत. पायांना भाचीने गडद निळा रंग दिला, खाली लाखेचा थर ठेवून. मला तो निळा आवडत नाही. पण तो जुना असल्याचं सोंग करत नाही, आणि तो तिचा आहे. त्यावर मी भांडले आणि हरले.

कागद तिने लावलाच, खणाच्या नव्या तळाला, खळीने. पत्राची मोडी प्रत, त्याखाली बाळबोध लिप्यंतर, त्याखाली मी केलेलं हिंदी भाषांतर, कारण घरातली पुढची पिढी तेच वाचेल. वहिनीला हे पटलेलं नाही. घरातली अशी गोष्ट कागदावर मांडून ठेवू नये, असं तिचं मत आहे. नुसती अक्षरं असती तर तिची हरकत नव्हती.

बाडात अजून बरेच कागद आहेत. भाची मोडीची अक्षरं गिरवायला लागली आहे, मीही. ते वाचून होईपर्यंत त्यातलं काहीही कशावरही चिकटवायचं नाही, एवढा एक ठराव आमच्या घरात एकमताने झाला आहे.